मावळतीची भिंत

हसीनाबीची ओसरी अर्धी सारवून झाली होती. उंबऱ्यापासून जात्यापर्यंत ओला हिरवट पट्टा, त्यावर बोटांच्या एकसारख्या कमानी. जात्यापासून पायरीपर्यंत नुसती कोरडी माती. सारवण एका बैठकीत उरकायचं असतं. मध्ये उठलं की वाळल्यावर सांधा दिसतो, आणि येणारीजाणारी बाई तो सांधा बघून घरवालीबद्दल काय ते मनात समजून जाते. हसीनाबीच्या ओसरीवर आजवर कुणी सांधा पाहिला नव्हता. लेक बाळंतपणाला यायची होती, म्हणून वैशाखाच्या उन्हात, रमजानच्या रोज्यात, पहाटेपासून घशाखाली पाण्याचा थेंब गेलेला नसताना, ती गुडघ्यांवर बसून हात फिरवत होती.

शेजारची दुर्गाबाई पाणी घेऊन परतत होती. डोक्यावरची घागर न उतरवताच ती अंगणात थांबली.

"ऐकलंस का हसीनाबी? बंगल्यातल्या खोल्या ठरल्या."

"मंग? बाळंतिणीची कुठली?"

"मागची. खोगीरखोली."

हसीनाबीचा हात जागीच थांबला. "कुठली म्हनालीस?"

"आता बहिरी पन झालीस व्हय? पत्र्याची गं. घोड्यांची खोगिरं टांगायचे ती. आन बायांनी मागल्या दारानं यायचं, म्होरल्या पायऱ्या चढायच्या न्हाईत. ओव्हरसियर सायबानं तोंडानं सांगितलं, माझ्याच म्होरं."

"आन तू काय बोललीस?"

"मी काय बोलणार? माझी बाळंतपणं उरकली, बाई."

हसीनाबी उठली. हात धुतले, बांगड्यांची पेटी बगलेत मारली आणि निघाली. जातीची मणेरीण, पेटीशिवाय ती घराबाहेर पाऊल टाकत नसे. पेटी बगलेत असली की चाकणात तिला कुठलंच दार बंद नव्हतं. ब्राह्मणाच्या माजघरात ती बसायची, मारवाड्याच्या सुनेचा हात हातात घ्यायची, पाटलिणीला "हात सैल सोड, अशी आखडू नगंस," म्हणून दटावायची. कुणाला कितवा महिना लागलाय, हे नवऱ्याच्या आधी तिला कळायचं.

"आन सारवण?" दुर्गाबाईने मागून विचारलं.

"मरू दे सारवण!"

परवीन तिची एकुलती लेक. कुरुळीला दिलेली. मागल्या साली तिचं पहिलं बाळंतपण सासरच्या घरातच झालं. दोन दिवस, दोन रात्री पोरगी ओरडत होती. मूल गेलं, आणि परवीनही जाता जाता राहिली. यंदा गावात नव्याने आलेल्या सरकारी नर्सबाईंनी तिला तपासलं आणि हसीनाबीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "या खेपेला घरी ठेवू नका. बंगल्यात सोय होतेय, तिथेच आणा. पुन्हा तसा रक्तस्राव झाला तर घरी मी एकटी काही करू शकणार नाही." तेव्हापासून हसीनाबीने दिवस मोजायला सुरुवात केली होती. आता नववा सरत आला होता.

आणि खोली कुठली, तर खोगीरखोली!

तो बंगला चाकणच्या वेशीबाहेर, नाशिकच्या रस्त्याला तोंड करून उभा होता. गोरा साहेब दौऱ्यावर आला की मुक्कामाला आणि कचेरीला, म्हणून सरकारने बांधलेला. इंग्रज गेल्याला आठ वर्षं होत आली, आता तिथे सरकारी दवाखाना निघत होता, तरी गाव अजून त्याला गोऱ्याचा बंगलाच म्हणे. बांधणाऱ्याचं डोकं मोठं, यात शंका नाही. पुरुषभर उंच जोतं, म्हणजे साहेब वर आणि अर्जदार खाली, मान वर करून. उगवतीला सात दगडी पायऱ्या आणि खांबांचा ऐसपैस व्हरांडा. मधोमध उंच आढ्याचा हॉल, दोन हात जाडीच्या भिंतींचा. हॉलच्या अंगाला निजायच्या खोल्या, प्रत्येक खोलीला मोरी, आणि मोरीला बाहेरून एक ठेंगणं दार. मैला उचलणाऱ्याने तिथून वाकून यायचं, वाकूनच जायचं, साहेबाच्या नजरेला पडायचं नाही. स्वयंपाकघर तीस पावलं लांब, कारण साहेबाला जेवण हवं, फोडणीचा वास नको. आणि मागे, मावळतीला, एक चिंचोळा व्हरांडा. दुपारनंतरचं सगळं ऊन त्या व्हरांड्याने अंगावर घ्यायचं, म्हणजे हॉलच्या भिंतीला झळ लागत नाही. त्याच व्हरांड्याच्या टोकाला खोगीरखोली. बाकी सगळं कौलारू; तिच्यावर तेवढा पत्रा. खोगिराला काय, ऊन लागलं काय नि नाही काय.

त्या चिंचोळ्या व्हरांड्यात हसीनाबीचे अब्बा बसायचे. मीरासाहेब पंखेवाला. हॉलच्या छताला लाकडी दांडीचा झालरीचा पंखा टांगलेला, त्याची दोरी भिंतीतल्या नारळाएवढ्या भोकातून मागे आलेली. अब्बा भिंतीला टेकून दोरी ओढायचे. हात भरून आले की पायाच्या अंगठ्याला बांधून पाय हलवायचे. पंखा त्यांनी चालता कधी पाहिला नाही. भोकातून थोडी गार हवा यायची, तिथे गाल लावून ते बसत. "आत जन्नत असंल गं," असं छोट्या हसीनाला सांगत.

ती दहा वर्षांची असताना रमजान असाच उन्हाळ्यात आला होता. अब्बांचा रोजा होता. दुपारी पंखा थांबला. आतून भिंतीवर बूट आपटला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पट्टेवाला मागे आला, तर मीरासाहेब आडवे पडलेले, अंगठ्याला दोरी तशीच. हसीना पाणी घेऊन धावली तर पट्टेवाल्याने अडवलं. म्होरून नाही, मागून फिरून ये! फिरून येईस्तोवर अब्बांची शुद्ध गेली होती. चौथ्या दिवशी त्यांना कबरस्तानात नेलं, तेव्हा बंगल्यावर दुसरा माणूस दोरी ओढत होता.

हे सगळं मनात घोळवत हसीनाबी फाटकातून आत शिरली, आणि काय सांगावं, तिचे पाय आपोआप मागे वळले. सात पायऱ्या समोर होत्या. अडवायला पट्टेवाला नव्हता, बूट नव्हता, साहेब नव्हता. तरी पाय वळले. मोरीची दारं ओलांडून ती मागच्या व्हरांड्यात पोचली तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने स्वतःच्याच मांडीवर चापट मारून घेतली. "तेहतीस वर्सं झाली आन तुजी खोड जाईना व्हय गं!"

खोगीरखोलीत नर्सबाई सुमनताई फरशी घासत होत्या. पुण्याच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, शिस्तीच्या बाई. भिंतीत अजून खोगिरांच्या लाकडी खुंट्या तशाच होत्या. खुंट्यांखाली लोखंडी खाट मांडली होती.

"नर्सबाई, हितं ठेवणार माज्या लेकीला?"

सुमनताईंनी वर पाहिलं नाही. "मी नाही ठरवलं, हसीनाबी."

"मग कुनी ठरवलं?"

"मी," असं म्हणत ओव्हरसियर उद्धवराव दारात आले. इस्त्रीचा सदरा, हातात गुंडाळलेला नकाशा. "काय गडबड आहे?"

"सायब, ही खोली बाळंतिणीची न्हाई. हितं भाजून मरंल मानूस."

उद्धवरावांनी खोलीत पाऊल टाकलं, भिंतीला हात लावला. "कुठे भाजतंय? बघ, किती गार आहे."

"आता दहा वाजल्यात. मावळतीची भिंत सकाळची गारच असती. दोनला या आन हात लावा."

"मी चार वेळा पाहणी केली आहे, बाई. चारही वेळा खोली गारच होती."

"कवा आल्ता चार वेळा?"

"नऊच्या एसटीने येतो, अकराच्या एसटीने जातो. का?"

हसीनाबीला हसू आलं, पण ते तोंडातच कडू झालं. चार वेळा पाहिली, आणि चारही वेळा सावलीत पाहिली! घर बघायचं तर चुलीच्या वेळी बघावं, नवरी बघायची तर धुण्याच्या वेळी. हे अडाणी बाईलाही कळतं. या शिकलेल्या माणसाला एसटीच्या वेळेपलीकडे सूर्य ठाऊक नव्हता.

"ती उगवतीची खोली हाय की कोपऱ्यातली. ती द्या."

"ती राखीव आहे. दौऱ्यावर साहेब लोक येतात, त्यांना मुक्कामाला."

"किती येळा येतात?"

उद्धवराव हातातल्या नकाशाची गुंडाळी सारखी करू लागले. फरशी घासताघासता सुमनताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी आल्याला सहा महिने झाले. अजून कुणी आलेलं नाही. दर शनिवारी मी गाद्या झटकते."

"उद्या कुणी आलं तर मी काय उत्तर देऊ?" उद्धवराव चिडले. "आणि हे बघ, नकाशा मंजूर झालाय. हॉलमध्ये दप्तर, पुढच्या व्हरांड्यात पुरुष रोगी, मागे बायका. बायकांची वर्दळ मागून असलेली बरी, आडोसा राहतो. तुमच्याच सोयीचं आहे."

"आमची सोय!" हसीनाबीचा आवाज चढला. "मैलावाल्याच्या वाटंनं यायचं आन घोड्याच्या जाग्यावर बाळंत व्हायचं, ही आमची सोय?"

"अर्ज कर. तालुक्याला जाईल, तिथून वर जाईल."

"कवा येईल परत?"

"दोन-तीन महिने धर."

"माजी पोरगी दोन-तीन म्हैने पोट धरून बसंल व्हय, सायब? तिला तसं सांगू?"

सुमनताईंच्या हातातला खराटा थांबला. उद्धवराव मात्र पाठ फिरवून हॉलमध्ये गेले.

हसीनाबीने बगलेतली पेटी खाटेवर ठेवली. मग ती उघडली. काचेच्या हिरव्या बांगड्यांखाली, ओल्या फडक्यात गुंडाळलेले लाखेचे चुडे होते, मारवाडी गल्लीतल्या नव्या सुनेसाठी आणलेले. लाख उन्हाला ठेवू नये, हे मणेराच्या पोराला बोलायच्या आधी कळतं. तिने चार चुडे निवडले, लाल, खडे बसवलेले, आणि खाटेच्या वरच्या खुंटीला, पत्र्याखाली, एकात एक अडकवून टांगले.

"हे काय करताय?" सुमनताईंनी विचारलं.

"तुमच्या सायबाला माजं खरं वाटत न्हाई. यांचं वाटतंय का बघू."

"चांगला माल आहे तो, हसीनाबी."

"माजी पोरगी बी चांगली हाय."

देवाची करणी म्हणा, एसटीवाल्याची म्हणा, त्या दिवशी अकराची गाडी आलीच नाही. राजगुरुनगरच्या अलीकडे कुठेतरी तिचं चाक निखळलं, पुढची चारला, असा निरोप आला. उद्धवरावांनी हॉलमध्ये टेबलावरच डबा उघडला, वाळ्याच्या माठातलं दोन तांबे पाणी प्यायले आणि आरामखुर्चीत पाय ताणून दिले. हसीनाबी मागच्या व्हरांड्यात बसून राहिली. अब्बा बसायचे बरोबर त्याच जागी. तिथे फरशीला किंचित खोलगट आलं होतं. बाराला सावली पायाशी होती. एकला ती आक्रसून भिंतीला चिकटली. मग ऊन व्हरांड्यात चढलं, आणि भिंत तापायला लागली. आधी कोमट, मग पाठ टेकवेना अशी. तोंडाला कोरड पडली होती. सुमनताई दोनदा येऊन "आत तरी बसा" म्हणून गेल्या. ती हलली नाही. खोगीरखोलीचा पत्रा तडतड वाजू लागला, कढईत मोहरी उडावी तसा.

अडीचच्या सुमाराला ती उठली आणि खोलीत गेली. चुडे लांबुळके होऊन लोंबत होते, एकमेकांना चिकटलेले. खालच्यावरचे दोन खडे सुटून खाटेवर पडले होते. तिने तो लगदा तसाच खुंटीवरून उतरवला. हाताला चटका बसला. आणि ती सरळ हॉलच्या मागच्या दाराने आत गेली.

आत पाऊल टाकलं आणि ती थबकली. उभ्या आयुष्यात ती त्या हॉलमध्ये पहिल्यांदा आली होती. अंगावरचा घाम जागच्या जागी निवाला. भर वैशाख, अडीचची वेळ, बाहेर कुत्रं रस्त्यावर पाय टेकत नव्हतं. आणि इथे देवळाच्या गाभाऱ्यात असावं तसं गार. छताकडे तिची नजर गेली. दोन कड्या लोंबत होत्या, नुसत्याच. पंखा केव्हाच काढून नेला होता.

पंखा नव्हता. तरी गार होतं.

ती भिंतीपाशी गेली आणि तिने त्या भोकाला आतून हात लावला. बाहेरची झळ हाताला लागली. हात काढला तर पुन्हा गार. दोन हात जाडीची भिंत, उंच आढं, मागे ऊन झेलायला व्हरांडा. हे सगळं आधीच बांधून ठेवलं होतं. मग अब्बा काय ओढत होते? गारव्यावर आणखी गारवा! जेवलेल्या माणसाच्या तोंडावरची माशी उडवायला गोऱ्यांनी एक माणूस भट्टीत बसवला होता.

तिच्या अंगात जे उसळलं ते तिला आवरेना. खुर्चीत उद्धवराव घोरत होते. तिने टेबलावरच्या नकाशावर चुड्यांचा लगदा आपटला.

"उठा, सायब! दोपार बगा!"

उद्धवराव दचकून उठले. नकाशावर लाल डाग पसरत होता. "अगं, हे काय! सरकारी कागद आहे!"

"सरकारी कागदाला डाग लागला तर ओरडताय. हे चुडं तुमच्या खोलीत टांगलं होतं मी, नर्सबाईंच्या देखत. लाख हाय ही. चुलीजवळ मऊ व्हती, न्हाईतर तुमच्या बाळंतिणीच्या खोलीत."

"मे महिना आहे, बाई. सगळीकडेच ऊन आहे."

"हितं कुठं हाय? तुमी घोरत व्हता की!" ती भिंतीकडे बोट करून म्हणाली, "त्या भोकाच्या पल्याड माजा बाप बसायचा. मीरासाहेब पंखेवाला. तोंडात रोजा आन पायात दोरी. तिथंच पडला. तवा गोऱ्यानं आतून बूट मारला, का तर पंखा थांबला. गोरा परका व्हता, सायब. त्याला मी काय बोलणार? पन तुमी तर आमचं म्हनता! आन तुमीबी तोच नकाशा उघडून, त्याच जाग्यावर आमच्या बायांना बसवताय. त्यानं सायबाची खोली राखली, तुमीबी सायबाचीच राखली. मग बदललं काय? खुर्चीतला मानूस?"

उद्धवराव नकाशावरचा डाग रुमालाने पुसू लागले. "मी... हे बघ, मी लहान माणूस आहे. वरून आलेलं..."

"चला."

"कुठे?"

"खोगीरखोलीत. तुमची एसटी चारला हाय. तवर त्या खाटंवर बसा. बाळंतीन दोन-दोन दिवस पडती, तुमी दीड तास बसा. बसलात, तर मी गप घरी जाते."

सुमनताई दारात उभ्या होत्या. आता माघार घेणं बरं दिसलं नसतं. उद्धवराव उठले, खोगीरखोलीपर्यंत गेले. दारातच त्यांनी रुमाल काढला. आत दोन पावलं टाकली, खाटेच्या लोखंडाला हात लावला आणि झटक्याने मागे घेतला. वर पत्रा तडतडत होता. बसले मात्र नाहीत. परत व्हरांड्यात येऊन मान पुसत म्हणाले, "पत्र्यावर गवत टाकता येईल. तशी शिफारस करतो मी."

"गवत!" हसीनाबी म्हणाली. "ते घोड्याला ठेवा."

सुमनताईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. त्या हॉलमधून पलीकडे गेल्या आणि उगवतीच्या खोलीचं कुलूप उघडलं. मच्छरदाणीचे दोन पलंग, पांढऱ्या चादरी, खिडकीत लिंबाची सावली. त्यांनी एका पलंगावरची गादी गुंडाळली आणि तिथे मेणकापड पसरायला घेतलं.

"नर्सबाई, हे तुमच्या अधिकारात नाही," उद्धवराव म्हणाले. "मला अहवालात लिहावं लागेल."

"लिहा," सुमनताई म्हणाल्या. त्यांचे हात थांबले नव्हते. "वेळही लिहा. दुपारी पावणेतीन. आणि लाखेचे चुडे वितळले तेही लिहा, म्हणजे वरच्यांना समजेल. सहा महिने मी या रिकाम्या गाद्या झटकतेय, याची लाज मलाच वाटायला हवी होती." मग हसीनाबीकडे वळून म्हणाल्या, "परवीनला लवकर आणा. दिवस भरत आलेत. त्यांनी हुकूम आणून खोली बंद करायच्या आत ती या पलंगावर असू दे. पलंगावरच्या बाळंतिणीला उठवायला कुणी येणार नाही."

हसीनाबीने मान हलवली. पण राग उतरलाच नव्हता. चार चुडे वितळले तेव्हा सरकारला खरं वाटलं. तेहतीस वर्षांपूर्वी माणूस वितळला होता, त्याचा अहवाल कुणी लिहिला?

तिने टेबलावरून चुड्यांचा लगदा उचलून पेटीत टाकला. मारवाड्याच्या सुनेला नवे आणून द्यावे लागतील. मग पुढच्या व्हरांड्यात आली आणि सात पायऱ्या उतरली, सावकाश, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कुणी अडवतंय का ते बघत. फाटकाशी दुर्गाबाई उभी होती. वाऱ्यावर बातमी तिच्या कानी गेली होती.

"काय झालं गं? वरडत व्हतीस म्हनं सायबावर?"

"वरडले. तुजी बाळंतपणं उरकली, तरी तुज्या सुनंची व्हायचीत, म्हनून जरा जोरातच वरडले."

दुर्गाबाईने पदर तोंडाला लावला. "आन ती ओसरी? अर्धी वाळून भेगा पडल्यात तिला."

"पडू दे. तू पानी मारून घेतेस का, तेवढं बघ. मला येळ न्हाई."

"आता कुठं निघालीस, रोज्याची, उन्हाची?"

"चिमाजीची गाडी मागायला. कुरुळीला जाऊन परवीनला घेऊन यायचंय."